आधी वार ठरवा, मग वर्गणी काढा
घोडेगाव परिसरात सेवाकार्य सुरू करू पाहणाऱ्यांसाठी

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं मुख्यालय. इथून पूर्वेला मंचरच्या दिशेने निघालं की ऊस, कांदा, बटाटा, तरकारी आणि दुधाचा धंदा. पश्चिमेला निघालं की डिंभे धरणाचा जलाशय, त्याच्या काठाने महादेव कोळी आणि कातकरी वस्त्या, भाताची खाचरं, हिरड्याची झाडं आणि शेवटी आहुपे-भीमाशंकरचे कडे. धरणात जमिनी बुडाल्या त्या पश्चिमेच्या, कालव्यांचं पाणी गेलं पूर्वेला. दोन्हीकडची माणसं मात्र कामासाठी घोडेगावलाच येतात. तहसील इथे, न्यायालय इथे, ग्रामीण रुग्णालय इथे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आणि आदिवासी मुलामुलींची वसतिगृहंही इथेच. समाजासाठी काही करावं असं वाटणाऱ्याला इथे गरज शोधत हिंडावं लागत नाही. ती रोज एसटीतून उतरते.

वाटणारेही पुष्कळ आहेत. नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी, मुलं पुण्याला गेल्यावर घरात दोघंच उरलेलं जोडपं, पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसलेला तरुण, मुंबईत डबे पोचवण्यात आयुष्य घालवून गावी परतलेले काका. ‘आता आपला उपयोग काय?’ हा प्रश्न सगळ्यांचा एकच. या लेखाचं म्हणणं इतकंच, की त्याचं उत्तर विचार करून मिळत नाही. एखाद्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या माणसांकडे, ठरलेलं काम करायला जात राहिलं की ते हळूहळू मिळतं. बाबा आमट्यांनी १९६७ साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथे सकाळी कुदळ-फावडं असे आणि व्याख्यानं त्यानंतर. हा क्रम मुद्दाम लावलेला होता. आपणही तोच धरू.

पायरी १ : स्वतःकडे काय आहे ते लिहून काढा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. आठवड्यात नक्की किती तास देता येतील, कोणतं काम दुसऱ्याने न सांगता करता येतं आणि किती अंतर जाता येईल.

तास लिहिताना हात आखडता ठेवा. दोन तास म्हणजे दोनच तास, पण ते दर आठवड्याला. पावसाळ्यात पश्चिम पट्ट्यात एसटीची फेरी रद्द होते, भातलावणीत वाडीत दिवसा कोणी भेटत नाही, लग्नसराईत तुम्हालाच सवड नसते. हे सगळं धरून जे उरतं ते खरं.

कामाच्या रकान्यात ‘समाजसेवेची आवड’ असं लिहू नका. ‘सरकारी अर्ज बिनचूक भरता येतो’, ‘सातवीपर्यंतचं गणित शिकवता येतं’, ‘जीप चालवता येते’, ‘हिशेबाची वही ठेवता येते’, ‘पन्नास माणसांचा स्वयंपाक करता येतो’ असं लिहा. गावात सप्ताह उठवणारी माणसं अशीच असतात. कोणी मांडव पाहतो, कोणी पंगत, कोणी पावती पुस्तक. ही माणसं सेवाकार्यालाही तितकीच लागतात.

पायरी २ : एक महिना फक्त ऐका

पहिल्या महिन्यात काहीही वाटू नका, काहीही जाहीर करू नका. तीन ठिकाणी जा आणि ऐका.

पहिलं ठिकाण प्रकल्प कार्यालय आणि तहसीलचा परिसर. वाडीवरून आलेला माणूस एका दाखल्यासाठी किती वेळा हेलपाटे घालतो, ते पाहा. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहाचा प्रवेश, वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी असलेली ‘स्वयं’ योजना, वनहक्काचा दावा यातल्या प्रत्येकाला कागद लागतात, आणि एक कागद कमी पडला तर दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं दोन्ही बुडतं. जून-जुलैत प्रवेशांच्या दिवसांत तिथे नीट अर्ज भरून देणारा एक माणूस बसला, तरी कित्येकांची पुढची फेरी वाचते.

दुसरं ठिकाण ग्रामीण रुग्णालय. पुण्याला ससूनला पाठवलेल्या रुग्णाबरोबर जायला कोण आहे? केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या योजनेत उपचार बसतात, नातेवाइकांनी रात्री कुठे थांबायचं, हे सांगणारं कोणी सोबत असेल तर घाबरलेल्या घराला केवढा धीर येतो.

तिसरं ठिकाण एखादी वाडी. तिथे एकटे जाऊ नका. आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा शाळेतले शिक्षक यांच्याबरोबर जा. पश्चिम आंबेगाव आणि जुन्नरमधली अनेक गावं पेसा क्षेत्रात येतात. तिथे ग्रामसभेला कायद्याने विशेष अधिकार आहेत. ग्रामसभेला न विचारता टाकी बांधायला किंवा झाडं लावायला निघालेला पाहुणा कितीही भला असला, तरी पाहुणाच राहतो.

महिन्याच्या शेवटी एक वाक्य लिहा: ‘अमुक वाडीतल्या इतक्या माणसांची अमुक अडचण, आणि ती त्यांनीच मला सांगितली.’ वाक्याचा उत्तरार्ध लिहिता आला नाही, तर आणखी एक महिना ऐका.

पायरी ३ : नवी संस्था काढू नका, चालू कामाला जोडून घ्या

आपल्याकडे चार मित्र जमले की पाचव्या दिवशी प्रतिष्ठान निघतं, बोधचिन्ह ठरतं, फ्लेक्स लागतो. काम मात्र दुसऱ्या वर्षी थांबतं. संस्था नोंदवणं सोपं, दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेब सादर करणं जिकिरीचं. पहिली दोन वर्षं तरी दुसऱ्याच्या छत्राखाली काम करा.

या खोऱ्यातलं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. डिंभे धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींबरोबर आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी ‘शाश्वत’ संस्थेतर्फे कित्येक वर्षं काम केलं. बुडालेल्या गावांना जलाशयातली मासेमारी हे उपजीविकेचं साधन व्हावं म्हणून प्रयत्न केले आणि ‘पडकई’ या इथल्या जुन्या रीतीला बळ दिलं. पडकईत उन्हाळ्यात डोंगरउतारावर दगडाचे बांध घालून माती अडवतात आणि भाताची खाचरं तयार करतात. चार घरं मिळून आज एकाच्या रानात राबतात, उद्या दुसऱ्याच्या. पुढे शासनानेही ही रीत योजनेत घेतली, आणि या कामासाठी ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी इथे नवं काही शिकवण्याआधी इथलं चालत आलेलं ओळखलं, हे त्यातलं घेण्यासारखं. आणि पडकईत दाता आणि याचक असे दोन वर्ग नसतात, हे त्याहून मोठं. आज ज्याच्या बांधावर दगड ठेवला तो उद्या तुमच्या बांधावर येणार असतो. पूर्वेच्या गावांतली इर्जिक किंवा सावड याच जातकुळीची.

संस्था निवडताना चार गोष्टी विचारा. नोंदणी क्रमांक काय? मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल पाहायला मिळेल का? निर्णय घेणाऱ्यांत ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्यातलं कोण आहे? आणि स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी नेमकं कोणतं काम देता? चौथ्या प्रश्नाला ‘या तुम्ही, बघू’ असं उत्तर आलं, तर तुमचे दोन तास तिथे चहात जातील.

जवळपास संस्था नसेल, तर शाळेची व्यवस्थापन समिती, सार्वजनिक वाचनालय, महिला बचत गट किंवा महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजना यांतून सुरुवात करा. सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिरही असतं. तरुण हात तिथे तयार असतात, त्यांना कमी पडतं ते वर्षभर पुरणारं एक काम. ते तुम्ही सुचवू शकता.

पायरी ४ : तीन महिन्यांचा शब्द द्या

‘जमेल तसं येत जाईन’ असं म्हणू नका. ‘पुढचे तीन महिने, दर शनिवारी, चार ते सहा’ असं सांगा. मुदत संपली की दोघांनाही मोकळेपणाने थांबता येतं किंवा पुढे जाता येतं.

मुलांबरोबर काम असेल तर नियम अधिक कडक हवेत. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात जायचं तर प्रकल्प कार्यालयाची आणि मुख्याध्यापक वा गृहपालांची लेखी परवानगी घ्या. मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं. मुलांचे फोटो मोबाइलवर टाकू नका. दप्तर हातात देताना काढलेला फोटो ते मूल मोठं झाल्यावर त्याला कसा वाटेल, हे आधी मनाशी विचारा.

जोडीदार शोधा. एकाला ताप आला तर दुसरा गेला पाहिजे. सेवेत खाडा झाला की पहिला धक्का विश्वासाला बसतो, आणि वाडीतली मुलं दोनदा वाट पाहतात, तिसऱ्यांदा पाहत नाहीत.

पायरी ५ : पैसा उभा करा, पण आधी कागद पुरा करा

तीन महिने काम केल्यावर पैशाची गरज कुठे आहे ते आपोआप दिसतं. तेव्हाच मागा. क्रम असा ठेवा.

*अंदाजपत्रक.* समजा, वाडीत २५ मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवायची आहे, दहा महिने. चार सौर दिवे १०,००० रुपये, चार सतरंज्या ४,०००, पुस्तकं १२,०००, वह्या-पेन्सिली १०,०००, शिकवणाऱ्या स्थानिक ताईचं मानधन महिना २,००० प्रमाणे २०,००० आणि प्रवास व किरकोळ ४,०००. एकूण ६०,००० रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे आकडे दुकानात जाऊन, दर विचारून लिहा. मानधनाची ओळ मात्र गाळू नका. बाहेरचा स्वयंसेवक फुकट येतो म्हणून वाडीतल्या मुलीनेही फुकट राबावं, हा हिशेब बरोबर नाही.

*परवानगी.* सार्वजनिक कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. नोंदणीकृत न्यास असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर गणेश मंडळं घेतात तशी कलम ४१(क) प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि वर्गणी संपल्यावर हिशेब द्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो.

*खातं.* पैसे संस्थेच्या खात्यात, दोन सह्यांवर. कुणाच्याही खासगी मोबाइल क्रमांकाचा क्यूआर कोड फिरवू नका, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो. प्राप्तिकरात सवलत हवी असलेल्या देणगीदाराला संस्थेकडे ‘८०जी’ नावाने ओळखली जाणारी मान्यता आहे का ते स्पष्ट सांगा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम घ्या. परदेशातल्या भाच्याकडून पैसे येणार असतील तर त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम चालते. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेने एक रुपयाही घेऊ नये.

*मागणी.* साठ हजार एकदम मागू नका, वाटून घ्या. पाच हजार देणारे चार, हजार देणारे वीस, पाचशे देणारे चाळीस. पहिली पावती स्वतःच्या नावाची फाडा, मग पाच हजारांच्या चार घरी जा. वरची नावं दिसली की खालच्या पावत्या फाडायला वेळ लागत नाही, हे यात्रेची वर्गणी काढणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं.

कधी मागायचं, यालाही महत्त्व आहे. ज्येष्ठ-आषाढात शेतकऱ्याचा पैसा बी-खतात अडकलेला असतो, तेव्हा त्याच्या दारात जाऊ नका. कांदा विकला गेल्यावर, उसाचं बिल जमा झाल्यावर, चैत्र-वैशाखात यात्रेला मुंबईकर गावी आले असताना जा. आपल्या भागात दशक्रियेच्या वेळी प्रवचन झालं की घरची मंडळी देवस्थानाला, शाळेला देणगी जाहीर करतात. ही फार मोलाची रीत आहे. दुःखातल्या घराकडे त्या दिवशी मागू नका. गावातल्या वडीलधाऱ्यांना आणि प्रवचनकार महाराजांना मात्र आधीच सांगून ठेवा की अभ्यासिकेसाठीही देणगी चालते. मुंबई-पुण्यातली ग्रामस्थ मंडळं हा आणखी एक आधार. आंबेगाव, जुन्नर, खेडमधून गेलेल्या डबेवाल्यांची आणि माथाडींची गावाशी नाळ पक्की असते. त्यांच्या वार्षिक सभेत दहा मिनिटं मागून घ्या आणि अंदाजपत्रकाचा कागद वाटा.

ज्यांच्याकडे रोख नाही त्यांनाही देता आलं पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाची रीत वापरली. घरातल्या बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला ठेवायचं आणि ते मुलांच्या जेवणासाठी गोळा करायचं. त्या मुठीमुळे गरीब घरही देणाऱ्यांत आलं. अभ्यासिकेसाठी एखाद्याने आठवड्याला एक संध्याकाळ दिली, कोणी सतरंजी धुऊन दिली, कोणी जागा दिली, तर त्याचीही नोंद वहीत करा.

शहरातल्या दात्यापर्यंत पोचायचं असेल तर पुण्यात पितृपक्षाच्या सुमारास भरणारं ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन एकदा पाहून या. वीणा गोखले यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या या उपक्रमात संस्थांचे कार्यकर्ते स्वतः उभे राहून काम समजावून सांगतात. दाता काय विचारतो, कशावर थांबतो, कशावर पुढे सरकतो, हे तासभर बाजूला उभं राहून ऐकलं तरी पुष्कळ कळतं.

*हिशेब.* ठरल्या कामासाठी आलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. अभ्यासिकेच्या पैशातून शाल-श्रीफळ आणायचं नाही. प्रत्येक खर्चाला बिल किंवा सही केलेलं व्हाउचर. जमा-खर्चाचा एक पानी तक्ता वाडीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर लावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभा त्यासाठी सोयीच्या. दात्यांनाही तोच तक्ता पाठवा. पैसे उरले तर तेही सांगा, कमी पडले तर तेही. दुसऱ्या वर्षीची वर्गणी या एका कागदावर उभी राहते.

पायरी ६ : आपत्तीत घाई करू नका आणि लवकर परतू नका

३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला. गाव दिसत नसल्याची खबर बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. १५१ माणसं गेली. त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राची पावलं या खोऱ्याकडे वळली. माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांना आमडे इथल्या नव्या वसाहतीत घरं मिळाली ती एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे पावणेतीन वर्षांनी. मदतीचा पूर काही आठवड्यांचा असतो आणि गरज काही वर्षांची, हे या दोन तारखांमधल्या अंतरातून समजून घ्यावं.

म्हणून पहिल्या आठवड्यात निघण्याआधी प्रशासनाला किंवा तिथे आधीच काम करणाऱ्या संस्थेला फोन करा. काय हवं, कुठे हवं, कोण उतरवून घेणार, हे कळल्याशिवाय टेम्पो भरू नका. जुने कपडे पाठवू नका. ते निवडायलाच माणसं अडकतात. शक्य तर पैसा द्या, आणि त्यातला निम्मा सहा महिन्यांनंतरच्या खर्चासाठी राखून ठेवा. मुलांची फी, बुजलेल्या खाचराची दुरुस्ती, बसलेल्या धक्क्यातून बाहेर पडण्यासाठीचे उपचार हे खर्च तेव्हा वर येतात, आणि तोवर कॅमेरे गेलेले असतात.

पायरी ७ : थकवा आणि मोठेपणा, दोन्हींवर लक्ष ठेवा

चौथ्या-पाचव्या महिन्यात उत्साह ओसरतो. दाखला वेळेत मिळत नाही, मूल शाळा सोडून वीटभट्टीवर जातं, ज्याच्यासाठी खपलात तोच चार बोल लावतो. यात काही चुकलं असं नाही. अशा वेळी काम वाढवू नका, सोडूही नका. वेळ निम्मा करा, वार तोच ठेवा आणि जोडीदाराशी बोला.

दुसरा धोका उलटा आहे. सत्कार होऊ लागतात, निवडणुका जवळ येतात, कोणी बॅनरवर फोटो टाकायची तयारी दाखवतं. अभ्यासिकेच्या दारावर कुणाचंही नाव लागणार नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. नंतर तो करायला गेलात तर एखाद्याविरुद्ध केल्यासारखा दिसतो.

सहा महिने झाले की एक बैठक घ्या आणि तीन प्रश्न विचारा. आपण ऐकलेल्या अडचणीत नेमका काय फरक पडला? पैशाचा कोणता भाग वाया गेला? आणि पुढच्या वर्षी हे काम वाडीतलं कोण सांभाळेल? तिसऱ्या प्रश्नाला माणूस सापडला नसेल, तर पुढचे सहा महिने त्याच कामासाठी द्या. वाडीतली ताई स्वतः अंदाजपत्रक मांडू लागली, ग्रामसभेत हिशेब वाचू लागली, की किल्ली आणि पावती पुस्तक तिच्या हाती द्या आणि पुढची वाडी ऐकायला निघा.